इंग्लंडात वाइल्डफाउलिंग क्लब जॉइन करायचाय? मग फेब्रुवारीपासून तयारीला लागा

केंट, एसेक्स, लिंकनशर, लँकशर अशा किनाऱ्याजवळच्या भागात राहणारी आपली बरीच मंडळी विचारत असतात की ते खाडीवर जाऊन बदकं मारणारे क्लब असतात त्यात आपल्याला घेतात का, आणि घेत असतील तर काय काय करायला लागतं. घेतात. पण बहुतेक जण क्रम उलटा लावतात, आधी बंदूक बघायची, मग तिचं पोलिसांचं सर्टिफिकेट, मग शेवटी क्लब शोधायचा आणि सप्टेंबरात हंगाम सुरू झाल्यावर सेक्रेटरीला मेल टाकायचा, मग उत्तर येतं की यंदाच्या जागा भरल्या, पुढच्या वर्षी बघू. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. मी केंटमधल्या मेडवे खाडीच्या बाजूला राहतो त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण इंग्लंड-वेल्समध्ये कुठेही साधारण असंच चालतं. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी ते वेगळे बघून घ्या.

आधी हा प्रकार काय आहे ते नीट डोक्यात घ्या. वाइल्डफाउलिंग म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाजणात, पहाटे किंवा संध्याकाळी एकट्यानं नाहीतर एखाद्या सोबत्याबरोबर लपून बसायचं आणि उडत येणारी जंगली बदकं आणि गीज, म्हणजे रानहंस, टिपायचे. फेझंट पक्ष्यांच्या शूटवर असतात तसे इथं हाकारे नसतात, पाळून सोडलेले पक्षी नसतात, जेवणाची टेबलं नसतात. काळोखात चिखल तुडवत जायचं, थंडीत बसायचं, आणि बऱ्याचदा एकही काडतूस न उडवता परत यायचं. हे वाचूनच नकोसं वाटत असेल तर क्ले शूटिंगचा, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या टिपायचा, क्लब बघा, तोही मस्त खेळ आहे आणि त्यात चिखल नाही. आणि ज्यांना फक्त पक्षी बघायचेत त्यांच्यासाठी आरएसपीबी आणि डब्ल्यूडब्ल्यूटी या पक्षीसंरक्षण संस्थांची रिझर्व्ह, म्हणजे अभयारण्यं, आहेतच. वाइल्डफाउलिंग क्लबला असा माणूस पाहिजे असतो ज्याला खाजणात वेळ घालवायलाच आवडतं, मग पक्षी मिळो न मिळो.

आता क्लबच कशाला लागतो? कारण इंग्लंड-वेल्समध्ये किनाऱ्यावर बंदूक घेऊन जायचा सरसकट हक्क कोणालाच नाहीये. स्कॉटलंडमध्ये फोरशोरवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या रेषांमधल्या पट्ट्यावर, तसा जुना सार्वजनिक हक्क आहे, इकडे नाही. इथल्या फोरशोरचा साधारण अर्धा भाग क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेतला, बाकी कुठं नॅशनल ट्रस्टचा, कुठं बंदराचा, कुठं खासगी जमीनदाराचा. क्लब त्यांच्याकडून शूटिंगचे हक्क लीजवर घेतात, काही क्लबांनी तर वर्षानुवर्षं पैसे साठवून खाजणंच्या खाजणं विकत घेतलीत. परवानगी नसताना तिथं बंदूक घेऊन उभं राहिलात तर तो आर्म्ड ट्रेसपास होतो, गुन्हा आहे तो, आणि सर्टिफिकेटही जाऊ शकतं. शिवाय या बहुतेक जागा एसएसएसआय, म्हणजे कायद्यानं संरक्षित, त्यामुळे तिथं कोणी किती वेळा शूटिंग करायचं, कुठला कोपरा पक्ष्यांसाठी कायम बंद ठेवायचा, याला नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेची संमती लागते. हे सगळं कागदोपत्री सांभाळणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही, ते क्लब करतात आणि त्याबदल्यात मेंबरांकडून शिस्त मागतात.

थोडा इतिहासही माहिती असू द्या, कारण कमिटीशी बोलताना तो उपयोगी पडतो. १९०८ साली हल शहरात स्टॅनली डंकन नावाच्या माणसानं वाइल्डफाउलर्सची संघटना काढली, वॅगबी म्हणायचे तिला, तीच १९८१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन झाली. सगळे तिला बास्क म्हणतात, मुख्य ऑफिस वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ. आणि १९४६ साली स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी ट्रस्ट काढणारे पीटर स्कॉट तरुणपणी स्वतः पूर्व किनाऱ्यावरच्या वॉश आखाताच्या खाजणात गीज मारणारे वाइल्डफाउलर होते. या देशात पक्षी मारणारे आणि पक्षी वाचवणारे यांची मुळं अशी एकमेकांत अडकलेली आहेत. क्लबांच्या नावातच कॉन्झर्व्हेशन असतं ते उगाच नाही, केंट वाइल्डफाउलिंग अँड कॉन्झर्व्हेशन असोसिएशन हे माझ्या भागातलंच उदाहरण.

क्लब शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बास्कला फोन करा, आपला पोस्टकोड सांगा आणि जवळचे संलग्न क्लब विचारा. एसेक्समध्ये मॉल्डनच्या बाजूला ब्लॅकवॉटर, वॉशच्या कडेला फेनलंड, हॅम्पशरमध्ये लँगस्टन, चेशरच्या बाजूला डी नदीचा क्लब, वायव्येला साउथपोर्ट, लिथम, मोरकम बे, असे बरेच आहेत. घरापासून तासाभराच्या अंतरातला निवडा. लांबचा नावाजलेला क्लब घेण्यात काही अर्थ नाही, कारण पहाटेच्या फ्लाइटला, म्हणजे बदकं उडतात त्या वेळेला, पोचायचं तर आधीच तीन-साडेतीनला उठायला लागतं आणि त्यावर दोन तास ड्रायव्हिंग म्हणजे एका हंगामात उत्साह संपतो. संलग्न क्लबांत बास्कची मेंबरशिप बहुधा सक्तीचीच असते, तिच्यातच थर्ड पार्टी इन्शुरन्स येतो, त्यामुळे तो खर्च धरूनच चाला.

आता फेब्रुवारी का म्हणतोय. बदकं आणि गीजचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो, आतल्या जमिनीवर ३१ जानेवारीला संपतो, आणि उधाणाच्या भरतीरेषेच्या खाली, म्हणजे खऱ्या फोरशोरवर, २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. तो संपला की क्लबांच्या मीटिंगा होतात, सोडून गेलेल्या मेंबरांच्या जागा मोजल्या जातात, नवीन अर्ज घेतले जातात, आणि उन्हाळ्यात कामं निघतात. म्हणून याच वेळी सेक्रेटरीला मेल करा. लांबलचक नको. कुठं राहता, काय अनुभव आहे, नसेल तर नाही म्हणून सरळ लिहा, आणि शेवटी एक वाक्य जरूर लिहा की मेंबर व्हायच्या आधीही वर्क पार्टीला यायला मी तयार आहे. या एका वाक्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच शिफारशीनं पडत नाही. काही क्लबात प्रपोजर आणि सेकंडर लागतात, म्हणजे दोन जुन्या मेंबरांनी तुमचं नाव सुचवायचं. आपली तिथं ओळख नसते तेव्हा ही ओळख वर्क पार्टीतच होते, दुसरीकडे कुठं होणार.

वर्क पार्टी म्हणजे श्रमदानच. शनिवारी सकाळी गमबूट घालून हजर व्हायचं. उथळ तळी खणणं, बांधावरचं स्लूस गेट (पाणी अडवायचं-सोडायचं दार) साफ करणं म्हणजे गवताळ भागात पाणी हवं तेवढं राहतं, कुंपण दुरुस्त करणं, भरतीनं आणून टाकलेलं प्लॅस्टिक पोत्यात भरणं, मॅलार्डसाठी घरट्याच्या नळकांड्या लावणं, अंडी-पिल्लं खाणाऱ्या मिंक या मुंगसासारख्या प्राण्यासाठी पिंजरे बघणं. बरेच मेंबर दर महिन्याच्या पाणपक्षी गणनेतही भाग घेतात, त्याला वेब्ज म्हणतात, आणि ती आकडेवारी सगळ्या देशाच्या पक्षीअभ्यासात वापरली जाते. आपल्याकडच्या ऑफिसात बसून काम करणाऱ्या मंडळींना खणायची सवय नसते, तिथं त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण वेळेवर येणं आणि चहाच्या सुट्टीनंतर परत फावडं हातात घेणं हे मात्र सगळे बघतात. जुनी माणसं फार बोलत नाहीत. सुरुवातीला कोणी विशेष चौकशी केली नाही तर मनाला लावून घेऊ नका, तिसऱ्या-चौथ्या वेळेला तेच लोक फ्लास्कमधला चहा पुढं करतात आणि कुठल्या खाडीत टील उतरतात तेही सांगतात.

यात सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पक्षी ओळखायला. बऱ्याच क्लबात याची परीक्षाच घेतात, चित्रं किंवा व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात की हा कोण आणि मारायचा की नाही. मारता येणाऱ्या बदकांत मॅलार्ड, टील, विजन, पिनटेल, शव्हलर, गॅडवॉल, टफ्टेड, गोल्डनआय वगैरे, आणि गीजमध्ये पिंकफूट, ग्रेलॅग, कॅनडा. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याच्या यादीत जो पक्षी आहे तेवढाच, यादीत नाही तो संरक्षित. यादी बदलू शकते म्हणून दर हंगामाआधी बास्ककडची चालू यादी बघायची सवय लावा, शिवाय काही क्लब यादीतल्या पक्ष्यांवरही स्वतःहून बंदी घालतात. ब्रेंट गूज, बार्नेकल गूज, शेलडक, आयडर, कुठलाही स्वान, यांना हात लावायचा नाही. कर्ल्यूही नाही, पूर्वी तो मारता यायचा, १९८१ च्या कायद्यानं ते बंद झालं.

पुस्तकात बघून हे सोपं वाटतं, पण खाजणात उजेडच नसतो. राखाडी आकाशावर काळी आकृती दीड-दोन सेकंद दिसते, तेवढ्यात ठरवायचं. तिथं रंग कामाला येत नाहीत, आवाज आणि उडण्याची ढब कामाला येते. विजनचा नर शिट्टी मारतो, लांबलचक, शेवटाला खाली येणारी, आणि एकदा कानात बसली की अंधारातही चुकत नाही. टील एवढंसं, झपकन वळतं, पाच-सात एकत्र, आणि पाण्यावरून अगदी खालून येतं. मॅलार्डचे पंख जड आणि सावकाश. शेलडक मोठं, गीजसारखं हळू उडतं, नवशिके तिथंच फसतात, म्हणून ते आधी पाठ करा. ब्रेंट सैबेरियाच्या टायमिरकडून येतात आणि मेडवे, स्वेल, टेम्सच्या चिखलावर हिवाळाभर असतात, त्यांचे थवे विस्कळीत ओळीत घरघरत जातात, आणि तो आवाज ओळखत नसाल तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही. जराही शंका असेल तर गोळी नाही, हा नियम तुम्हाला इतक्या वेळा ऐकवतील की तुम्हीच म्हणायला लागाल. उन्हाळा-पावसाळा न बघता खाडीच्या बांधावर नुसती दुर्बीण घेऊन बसा, रिझर्व्हच्या लपणात बसा, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबा.

यातली बरीच बदकं आपल्या ओळखीची आहेत हेही सांगतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर, नांदूरमध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला हिवाळ्यात गेला असाल तर शव्हलर म्हणजे आपला थापट्या आणि पिनटेल म्हणजे तलवार बदक तुम्ही बघितलेलंच असणार. तिकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला पाहिजे. इथली पद्धत वेगळी आहे, म्हणून इथल्या लायसनवर तिकडं जाऊन काही करता येईल असा विचारही मनात आणू नका. कोकणात घरी शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती म्हणून ज्यांना बंदूक नवी नाही, त्यांनीही इथं शून्यापासून शिकतोय असंच धरून चाला, कारण बंदूक तीच असली तरी सगळी शिस्त निराळी आहे.

आता सर्टिफिकेट. शॉटगन सर्टिफिकेट तुमच्या भागातले पोलीस देतात, पाच वर्षं चालतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फी बरीच वाढली, नव्या सर्टिफिकेटला १९४ पौंड आणि रिन्यूअलला १२६ पौंड झाली, भरण्याआधी चालू आकडा बघून घ्या. अर्जात रेफरी लागतात, तुम्हाला चांगलं ओळखणारे, कामावरचे सहकारी किंवा शेजारी चालतात. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, मेडिकल माहिती लागते, आणि त्याचे पैसे प्रत्येक दवाखाना आपल्या हिशोबानं घेतो. कधी डिप्रेशनची गोळी घेतली असेल, झोपेची तक्रार असेल, तर लपवू नका. उपचार घेतले म्हणून नाकारतातच असं नाही, पण लपवलेलं उघडं पडलं तर मात्र विश्वास जातो. भारतातला जुना पत्ता, तिथली एखादी केस, इथला ड्रायव्हिंगचा गुन्हा, जे विचारलंय ते सगळं लिहा. मग फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर घरी येतो, गप्पा मारल्यासारखं बोलतो, बंदूक कशासाठी पाहिजे, कुठं जाणार, घरात कोण कोण असतं, आणि घरच्यांशीही बोलू शकतो. तेव्हा घरात आधी सांगून ठेवा, बायकोला त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं असं नको. आणि हो, क्लबकडून आलेलं पत्र किंवा वर्क पार्टीला जात असल्याचा मेल दाखवता आला तर बोलणं सोपं जातं, हाही क्लब आधी बघायचा एक फायदा.

बंदुकीचं कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं बसवलेलं पाहिजे, बीएस ७५५८ मार्कचं घेतलं की वाद राहत नाही. किल्ली फक्त सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे. घरातल्या दुसऱ्या कोणाला, अगदी बायकोला किंवा आईलाही ती कुठं आहे हे माहिती नसलं पाहिजे. आपल्याकडं कपाटाच्या किल्ल्या सगळ्यांच्या ओळखीच्या असतात, देव्हाऱ्यामागं नाहीतर डब्यात, ती सवय इथं मोडायलाच लागते.

सर्टिफिकेट यायला महिने लागू शकतात, तेवढ्या वेळात रिकामं बसू नका. पोलिसांची मान्यता असलेल्या क्ले ग्राउंडवर सर्टिफिकेट नसतानाही तिथली बंदूक घेऊन इन्स्ट्रक्टरबरोबर शिकता येतं, कायद्यात तशी सोय आहे. चार-सहा धडे घ्याच. समोरून येणारा, डोक्यावरून जाणारा आणि आडवा जाणारा क्ले यावर जास्त वेळ घालवा, कारण बदकं तशीच येतात. आणि गमबूट, जाड जॅकेट घालून सराव करा, टीशर्टमध्ये खांद्याला नीट बसणारी बंदूक जानेवारीच्या कपड्यांत बसतच नाही.

बंदूक घेताना नवी कोरी महागडी घेऊ नका. मीठ आणि चिखल तिचं काय करतात ते पहिल्याच हंगामात दिसतं. जुनी पण घट्ट, बाराबोर, तीन इंची चेंबरची (काडतूस बसतं तो भाग), स्टीलच्या छऱ्यांसाठी प्रूफ झालेली म्हणजे तपासून पास झालेली, एवढं बघा, आणि घ्यायच्या आधी क्लबातल्या कोणाला तरी दाखवा. सेमी-ऑटो घेतली तर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं बसणारी पाहिजे. छऱ्यांचं नीट समजून घ्या, कारण इंग्लंडमध्ये १९९९ पासून फोरशोरवर शिशाचे छरे वापरायला बंदी आहे आणि बदकं-गीजवर तर कुठेही शिसं चालत नाही. कारण साधं आहे, बदकं दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यात चिखलात पडलेले शिशाचे छरे जातात आणि पक्षी विषबाधेनं झिजून मरतो. म्हणून स्टील, बिस्मथ किंवा टंगस्टन. स्टील हलकं असतं, लांबवर दम राहत नाही, म्हणून शिशाच्या मानानं दोन नंबर मोठा छरा घ्यायचा आणि अंतर पस्तीस-चाळीस यार्डांच्या आत ठेवायचं. अंतराचा अंदाज यायला एक युक्ती: बसायच्या जागेपासून पावलं मोजून तेवढ्यावर चिखलात एक काठी रोवा, तिच्या पलीकडचा पक्षी आपला नाही. लांबून मारून जखमी केलेला पक्षी काळोखात खाडीपलीकडे जाऊन पडतो आणि सापडत नाही, मला या सगळ्या खेळात याहून वाईट गोष्ट दुसरी वाटत नाही. त्याच कारणासाठी कुत्रा लागतो. स्वतःचा नसेल तर पहिली काही वर्षं कुत्रा असलेल्या मेंबराबरोबरच जा.

मेंबर झालात की बहुतेक क्लबात आधी प्रोबेशन असतं, ठरावीक वेळा जुन्या मेंबराबरोबर जायचं, त्यानं सही दिली की मग एकट्यानं जायची परवानगी. याला कमी लेखू नका. तुमच्याबरोबर येणारा माणूस तुम्हाला बंदूक चालवायला शिकवत नसतो, जिवंत परत यायला शिकवत असतो. मेडवेच्या तोंडाशी उधाणाला पाण्याची पातळी पाचेक मीटर वर-खाली होते, आणि भरती समोरून येताना दिसते असं नाही, आधी तुमच्या पाठीमागच्या नाळी भरतात, तुम्ही पुढं बदकांकडे बघत बसलेले, आणि परतायची वाट कमरेएवढ्या पाण्याखाली. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी किती चढतं ते त्याला घरीच कळलेलं असतं, पण घाटावरच्यांनी टाइड टेबल वाचायला बसून शिकायला पाहिजे. इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं असतं आणि काही टेबलं जीएमटीत छापतात, तेही तपासा. जोराचा वारा मागे असेल तर भरती टेबलापेक्षा लवकर आणि जास्त येते.

बरोबर काय घ्यायचं: होकायंत्र, फोनवरचं नको, हातातलं खरं, कारण धुकं उतरलं की दहा पावलांवरचा बांध दिसत नाही आणि फोनची बॅटरी थंडीत आधी मान टाकते. हेडटॉर्च दोन. चिखल चाचपायला लांब काठी. शिट्टी. फोन वॉटरप्रूफ पिशवीत. घरी कोणाला तरी लिहून द्या की गाडी कुठं लावली आणि किती वाजता फोन करणार, आणि त्या वेळेला फोन आला नाही तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, हेही त्याच कागदावर लिहा. चिखलात पाय रुतला तर उभं राहून खेचू नका, मागं बसा, वजन पसरा, पाय हळूहळू हलवत सोडवा. माहिती नसलेल्या जागी पहिल्यांदा जायचं ते दिवसा, ओहोटीला, बंदूक घरी ठेवून.

काही नियम पटकन सांगतो. टॉर्च मारून किंवा नाइट व्हिजन लावून पक्षी मारता येत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावता येत नाही, तोंडानं फुंकायची शिट्टी चालते. प्लॅस्टिकचे डिकॉय, म्हणजे पक्ष्यांना फसवायची खोटी बदकं, चालतात. नॉरफोक, सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल अशा काही काउंट्यांत रविवारी पाणपक्षी मारायला बंदी आहे. आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून पक्ष्यांना खायला मिळेनासं झालं तर आधी संयम ठेवायची विनंती येते, आणि गोठण सलग १४ दिवसांवर गेली की सरकार हंगाम थांबवू शकतं. चांगले क्लब त्याच्या आधीच बंदुका ठेवतात. अशा वेळी कोणी बघत नाही म्हणून गेलेला माणूस क्लबातून बाहेर जातो आणि जायलाच पाहिजे.

घरून आणि मित्रांकडून प्रश्न येणारच, की पक्षी मारता आणि वर संरक्षण म्हणता, हे कसं? मी त्यांना खाजण दाखवायला घेऊन जातो. किनाऱ्यावर जेट्ट्या, मरीना, घरं हे सगळं जागा मागतंय, आणि मेंबरांच्या वर्गणीतून विकत घेतलेल्या खाजणात पाणी धरून ठेवलेलं असतं, तिथं एका संध्याकाळी उतरणाऱ्या पक्ष्यांत मारता येणारे थोडे आणि न मारता येणारे कितीतरी जास्त असतात, रेडशँक, लॅपविंग, ॲव्होसेट. ज्याला तरीही पटत नाही त्याचा राग धरू नका, कोणाचा जीव घेण्याबद्दल अस्वस्थ वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ती अस्वस्थता तुमच्यातही थोडी शिल्लक राहिली पाहिजे. जे खाणार नाही ते मारायचं नाही, एवढा नियम मी स्वतःपुरता कडक पाळतो.

खाण्याबद्दल दोन शब्द. टील हे खायला सगळ्यात चांगलं, एका माणसाला एक. विजन गवतावर चरलेलं असेल तर उत्तम. खाडीतच राहून शिंपले खाणाऱ्या बदकांना वास येतो, त्यांची कातडी काढून टाका. छातीचे तुकडे आलं-लसूण आणि कोकमाच्या आगळात तासभर ठेवा, मालवणी मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, आणि मंद आचेवर, कोंबडीपेक्षा जास्त वेळ. पिंकफूटच्या तंगड्या तर कुकरलाच लावाव्या लागतात. खाताना छरा दाताखाली येऊ शकतो, पाहुण्यांना आधी सांगा. आणि जंगली गूज या देशात विकता येत नाही, मित्रांना द्या, पैसे घेऊ नका, ओळखीच्या रेस्टॉरंटवाल्यानं कितीही मागितलं तरी.

हंगाम संपला की क्लब रिटर्न मागतो, कुठल्या तारखेला गेलात, कुठल्या भागात, किती काडतुसं उडवली, काय मिळालं. हेच आकडे पुढं नॅचरल इंग्लंडकडे आणि लीजच्या कागदात जातात, त्यावर पुढच्या वर्षीची संमती अवलंबून असते. काहीच मिळालं नसेल तरी शून्य लिहून पाठवा, एकदाही गेला नसाल तरी पाठवा, आणि तारखेच्या आत पाठवा, कारण रिटर्न आलं नाही तर कित्येक क्लब पुढचं परमिटच देत नाहीत.